चार वर्षांच्या मुलांचे वर्ग वेगळे कसे होतात? न्यूयॉर्कचं प्री-के आणि आपल्या पसंतीच्या याद्या

मृण्मयी_क्वीन्स

ज्यांची मुलं यंदा चार वर्षांची होतील, त्यांची न्यूयॉर्कमध्ये प्री-केच्या, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या बालवर्गाच्या, अर्जांची धांदल चालू आहे. आपल्या गटांवरही रोज तेच विषय: कुठलं सेंटर वर टाकायचं, कुठलं खाली, भावंडाचा फायदा मिळतो का, कुठली शाळा 'चांगली' आणि कुठल्या भागाकडे 'बघूच नका'. त्या याद्या वाचताना एक गोष्ट मला खुपत राहिली, म्हणून हा धागा काढतेय. या शहराच्या सार्वजनिक, पूर्ण मोफत बालवर्गांत मुलं वंशाप्रमाणे वेगवेगळी बसतात आणि त्यात पालकांच्या निवडीचा मोठा हात आहे. आपल्याही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. २०१४ साली महापौर बिल डी ब्लासिओ यांनी 'प्री-के फॉर ऑल' सुरू केलं. त्याआधी पूर्ण दिवसाच्या जागा २०,००० च्या आसपास होत्या. पहिल्याच सप्टेंबरात ५०,००० हून जास्त मुलं वर्गात आली, दुसऱ्या वर्षी ६५,००० च्या पुढे गेली. रोज ६ तास २० मिनिटं, फी नाही, उत्पन्नाची अट नाही. एवढ्या मोठ्या शहरात हे दोन वर्षांत उभं केलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे. कितीतरी घरांत आई नोकरीवर परत जाऊ शकली ती या वर्गांमुळे.

मात्र कोण कुठे बसलं? सेंच्युरी फाउंडेशन या संशोधन संस्थेच्या हॅली पॉटर यांनी २०१४-१५ ची आकडेवारी तपासली. दर सहा प्री-के वर्गांपैकी एका वर्गात ९० टक्क्यांहून जास्त मुलं एकाच वांशिक गटातली होती. सार्वजनिक किंडरगार्टनमध्ये हे प्रमाण आठात एक होतं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. किंडरगार्टनला बरीच मुलं घराजवळच्या ठरलेल्या शाळेत जातात, तर प्री-केला शहरभरातून १२ पर्यंत पसंती देता येतात. निवड मोकळी असेल तिथे मुलं जास्त मिसळतील असं आपल्याला वाटतं. झालं उलटं. देशभरातलं चित्रही असंच आहे. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासानुसार, जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो असण्याची शक्यता पहिली-किंडरगार्टनच्या वर्गांपेक्षा शाळापूर्व वर्गांत दुप्पट आहे.

आता हे घडतं कसं ते सांगते.

शहराच्या शाळेत असलेल्या प्री-केला आधी त्या झोनमधल्या, म्हणजे शाळेला नेमून दिलेल्या वस्तीतल्या, मुलांचा हक्क असतो, त्यातही मोठं भावंड तिथे असेल तर आणखी आधी. झोन म्हणजे घर, आणि या शहरात कोण कुठे राहतं हे १९३० च्या दशकातल्या गृहकर्जाच्या नकाशांपासून ठरत आलंय. कृष्णवर्णीय वस्त्यांभोवती लाल रेघ मारून तिथे कर्ज नाकारलं गेलं (यालाच रेडलायनिंग म्हणतात), त्याचे परिणाम अजून पुसलेले नाहीत.

साधारण ६० टक्के जागा मात्र शाळांत नसून सामाजिक संस्था आणि खासगी बालकेंद्रांत आहेत. तिथे झोन नाही. पण तिथे आधीपासून जाणाऱ्या मुलांना प्राधान्य आहे. ज्या केंद्रात दोन वर्षांच्या मुलांचा वर्ग फी भरून चालतो, तिथे ती फी ज्याला परवडली त्याचं मूल चौथ्या वर्षी मोफत जागेच्या रांगेत पुढे असतं. जागा सार्वजनिक पैशाची, पण दार दोन वर्षं आधी खासगी पैशाने उघडलेलं.

त्यानंतर वेळ. ६ तास २० मिनिटं म्हणजे तीनच्या आत शाळा सुटते. रात्रपाळी करणाऱ्या किंवा दोन ठिकाणी राबणाऱ्या आईला ते जमत नाही. तिच्यासाठी दिवसाला १० तासांच्या, वर्षभर चालणाऱ्या जागा आहेत, पण त्यांना उत्पन्नाची अट आहे. हेड स्टार्टच्या जागांनाही तशीच. १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या काळात सुरू झालेला तो कार्यक्रम मुळात गरीब घरांसाठीच होता. हेतू चांगलाच आहे. पण पैसा ज्या खात्यातून येतो त्या खात्याप्रमाणे वर्ग पाडले, की एका वर्गात फक्त गरीब मुलं आणि पलीकडच्या वर्गात बाकीची. आणि या शहरात उत्पन्नाप्रमाणे वेगळं केलं की वंशाप्रमाणे आपोआप वेगळं होतं.

शिवाय प्री-केच्या मुलांना पिवळी बस नाही. चार वर्षांच्या पोराला घेऊन दोन गाड्या बदलून कामावर वेळेत पोचायचं, हे ज्याची नोकरी लवचीक आहे त्यालाच जमतं.

मी राहते त्या क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सचा इतिहास इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३ फेब्रुवारी १९६४ ला शहरातली साडेचार लाखांहून जास्त मुलं शाळेत गेली नाहीत. शाळांतलं वांशिक विभाजन थांबवा, ही मागणी होती. रेव्हरंड मिल्टन गॅलॅमिसन आणि बेयार्ड रस्टिन यांनी तो बहिष्कार उभा केला होता. त्याच काळात जॅक्सन हाइट्सची गोऱ्या मुलांची पी. एस. (सार्वजनिक शाळा) १४९ आणि शेजारच्या कोरोना नावाच्या भागातली कृष्णवर्णीय मुलांची पी. एस. ९२ यांची जोडी लावून मुलं एकत्र शिकवण्याची योजना आली. दोन्ही शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. त्याविरुद्ध गोरे पालक संघटित झाले आणि मार्चमध्ये हजारोंच्या संख्येने ब्रुकलिन ब्रिजवरून चालत सिटी हॉलवर गेले. आम्ही कुणाच्या विरोधात नाही, आम्हाला फक्त आमची जवळची शाळा हवी, असं ते सांगत होते. त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्यात 'वांशिक असमतोल दूर करण्यासाठी विद्यार्थी नेमून देणं म्हणजे विभाजन-निर्मूलन नव्हे' अशी तरतूद घातली गेली. दक्षिणेतल्या कायदेशीर विभाजनाला हात घालायचा आणि उत्तरेतल्या शहरांना मोकळं सोडायचं, हा तिचा परिणाम झाला. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिव्हिल राइट्स प्रोजेक्टने देशातल्या सर्वांत विभागलेल्या शाळा न्यूयॉर्क राज्यात आहेत असं दाखवलं, त्याची मुळं इथे आहेत.

आज त्याच गल्ल्यांत आपण राहतो. आपले गोरे शेजारी तेव्हा जे म्हणत होते, तेच आपण आता मराठीत म्हणतोय का, हे मला सगळ्यांना विचारायचं आहे.

---

ओंकार_एनवाय

मृण्मयी, चांगलं मांडलं आहेस, पण शेवटचं वाक्य पटलं नाही. रेडलायनिंग आपण केलं नाही. आपल्यातले बहुतेक २००० नंतर एच-१बी वर आले. मूल चार वर्षांचं आहे, भाषा नवी, आजी-आजोबा सहा महिने इथे नि सहा महिने तिकडे. अशा वेळी आई-बाबा जवळची, ओळखीची जागा बघणारच. यात वंशभेद कुठे आला?

दुसरं, प्रवेशाच्या लॉटरीबद्दल बरेच गैरसमज दिसतात म्हणून लिहितो. सगळ्यांच्या पसंती घेऊन मुलं वर्गांशी जुळवण्याची ही रीत न्यूयॉर्कने आधी हायस्कुलांसाठी आणली, २००० च्या दशकाच्या सुरुवातीला. ती रचणाऱ्यांत अतिला अब्दुलकादिरोग्लू, पराग पाठक आणि अल्विन रॉथ होते. रॉथना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. प्रत्येक कार्यक्रम अर्जदारांना आधी प्राधान्यगटाने आणि मग चिठ्ठीच्या क्रमांकाने लावतो, तात्पुरती जागा देतो, वरचा कुणी आला तर खालच्याला सोडतो आणि तो आपल्या पुढच्या पसंतीकडे जातो. त्यामुळे खरी पसंती लिहिण्यातच फायदा असतो, चलाखी करून काही मिळत नाही. पद्धत अगदी स्वच्छ आहे. तिला दोष देऊ नका.

---

मृण्मयी_क्वीन्स

ओंकार, पद्धतीबद्दल पूर्ण सहमत. माझा रोख तिच्यावर नाहीच. ती पद्धत दिलेले नियम प्रामाणिकपणे पाळते. झोन आधी असा नियम दिला तर झोन आधी, जुनं मूल आधी असा दिला तर जुनं मूल आधी. हे प्राधान्यक्रम माणसांनी ठरवलेत आणि माणसंच बदलू शकतात.

रेडलायनिंग आपण केलं नाही, खरंय. पण घर घेताना शाळेचा गुणांक बघून जास्त पैसे मोजतो, म्हणजे त्या रेघेची किंमत आपण भरतो आणि टिकवतो. आणि 'जवळची' म्हणशील तर आपल्या गटावर फिरणाऱ्या यादीत चाळीस मिनिटांवरची सेंटर आहेत आणि तीन ब्लॉकवरचं, जिथे बहुतेक मुलं लॅटिनो आहेत, ते नाही. तिथे कुणी आत जाऊन शिक्षिका बघितली? वर्गात किती पुस्तकं आहेत, मुलांशी कसं बोलतात, ते बघितलं? मुलांचे चेहरे बघून शाळेचा दर्जा ठरवला गेला. याला मी वंशभेद म्हणते, भले मनात कुणाबद्दल राग नसेल.

---

सुलभा_ताई

मी बरीच वर्षं प्री-केच्या वर्गात मदतनीस शिक्षिका होते, आता निवृत्त. केंद्राचं नाव लिहीत नाही.

'एवढ्या लहान मुलांना रंग कळत नाही' असं इथे पुष्कळ जण म्हणतील, म्हणून आधी तेच. केनेथ आणि मेमी क्लार्क या जोडप्याने १९४० च्या दशकात ज्या मुलांसमोर काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवल्या, ती मुलं ३ ते ७ वर्षांची होती. छान बाहुली कोणती, वाईट कोणती, असं विचारल्यावर बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली छान म्हटली. त्यानंतर 'तुझ्यासारखी कोणती?' असं विचारल्यावर काही मुलं रडली, उठून गेली. १९५४ च्या ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हे काम आलं. म्हणजे ज्या निकालाने शाळांतलं विभाजन बेकायदा ठरवलं, त्याच्या पुराव्यात आपल्या प्री-केच्याच वयाची मुलं होती. आणि त्या निकालानंतर इतक्या वर्षांनी आपण त्याच वयाच्या मुलांना वेगळं बसवतो.

माझ्या वर्गात अशी वर्षं होती की एकही गोरं मूल नव्हतं, आणि एखादं वर्ष असं की घरी पाच-सहा भाषा बोलणारी मुलं एकत्र होती. त्या दुसऱ्या वर्षी मुलांची भाषा मी कानांनी वाढताना ऐकली. या वयात मुलं एकमेकांकडून बोलायला शिकतात, बाईंकडून त्यामानाने कमी. जीन रीड आणि डग्लस रेडी यांनी २०१३ मध्ये ११ राज्यांच्या प्री-के वर्गांचा अभ्यास मांडला, त्यातही तेच आलं: वर्गात वेगवेगळ्या आर्थिक थरांतली मुलं असली तर गरीब मुलं जास्त शिकतात आणि सुखवस्तू घरातली मुलं मागे पडत नाहीत.

पगाराचं कुणी बोलत नाही, ते मी बोलते. सामाजिक संस्थांच्या केंद्रांतल्या शिक्षिका बहुतांश कृष्णवर्णीय, लॅटिना, आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या. त्याच पदवीच्या शाळेतल्या शिक्षिकेपेक्षा त्यांना खूप कमी मिळत आलं. २०१९ मध्ये करार होऊन पात्र शिक्षिकांच्या सुरुवातीच्या पगारातली तफावत मिटवायचं ठरलं. तोवर चांगल्या शिक्षिका अनुभव घ्यायच्या आणि शहराच्या शाळेत निघून जायच्या. दरवर्षी बाई बदलली की पालकांचा विश्वास जातो, आणि मग म्हणायचं ते केंद्र चांगलं नाही.

---

फ्लशिंगकर

सुलभाताईंना अनुमोदन. एक वेगळी बाजू मांडू का? एकाच गटाचा प्रत्येक वर्ग वाईट असतो असं नाही. सनसेट पार्कात चिनी बोलणाऱ्या शिक्षिका असलेली केंद्रं आहेत, विल्यम्सबर्ग-बरो पार्कात यिडिश बोलणाऱ्या ज्यू घरांतली मुलं आपल्या लोकांच्या केंद्रांत जातात. ज्या आईला इंग्रजी येत नाही तिला मुलाच्या बाईंशी बोलता येणं ही साधी गोष्ट नाही. उद्या मराठी बोलणाऱ्या शिक्षिकेचा वर्ग निघाला तर आपणही धावत जाऊ. ते आणि नाइलाजाने वेगळं पडणं, दोन्ही एका मापाने मोजू नका.

---

मृण्मयी_क्वीन्स

हा मुद्दा मोलाचा आहे. आकड्यात हे दोन्ही वर्ग सारखे दिसतात, पण कुणी वेगळं राहणं निवडलं आणि कुणाला दुसरं दारच नव्हतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझी तक्रार दुसऱ्या प्रकाराची. शिवाय द्विभाषिक वर्ग हा एक मार्ग आहे, अर्धी मुलं घरी स्पॅनिश किंवा चिनी बोलणारी आणि अर्धी इंग्रजी. तिथे आईची भाषाही राहते आणि मुलंही मिसळतात.

---

अनिकेत_जर्सीसिटी

नदीपलीकडचं सांगतो, कारण इथे मराठी घरं कमी नाहीत. न्यू जर्सीत ॲबट विरुद्ध बर्क या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये आदेश दिला की राज्यातल्या सर्वांत गरीब शालेय जिल्ह्यांत ३ आणि ४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला दर्जेदार बालशिक्षण मिळालंच पाहिजे. जर्सी सिटी आणि होबोकन त्या यादीत होते. वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं, प्रमाणपत्रधारक शिक्षिका आणि सोबत मदतनीस. महत्त्वाचं म्हणजे अट घराच्या उत्पन्नाची नाही, गावात राहण्याची आहे. त्यामुळे जर्सी सिटीत नदीकाठच्या उंच इमारतीतलं आपलं मूल आणि आतल्या वस्तीतलं मूल दोघांनाही तोच कार्यक्रम, तीच लॉटरी. एका वर्गात येण्याची निदान शक्यता तरी आहे.

पण भिंत गावाच्या हद्दीवर उभी आहे. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास शालेय जिल्हे आणि जिथे राहता तिथेच शाळा, हा कायदा. २०१८ मध्ये, ब्राउन निकालाच्या वर्धापनदिनी, १७ मे ला, लॅटिनो ॲक्शन नेटवर्क आणि इतरांनी याविरुद्ध राज्यावर खटला भरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अनेक जिल्ह्यांत विभाजन आहे हे मान्य केलं, पण सगळ्या राज्यभर ते सिद्ध झालं नाही असंही म्हटलं. मूल झालं की आपली माणसं इथून उपनगरात घर घेतात ते 'शाळांसाठी'. या खटल्याचा विषय आपणच आहोत.

---

वैदेही_कनेक्टिकट

हार्टफर्डचा अनुभव सांगते. शेफ विरुद्ध ओ'नील हा शाळांतल्या वांशिक विभाजनाविरुद्धचा खटला १९८९ मध्ये दाखल झाला. मिलो शेफ तेव्हा चौथीत होता. १९९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. त्यातून मॅग्नेट शाळा (खास विषयांमुळे लांबलांबून मुलं खेचणाऱ्या सार्वजनिक शाळा) उभ्या राहिल्या, काही तर वयाच्या तिसऱ्या वर्षापासून. शहरातली आणि उपनगरांतली मुलं एका लॉटरीतून येतात, बस मिळते. उपनगरातले पालक स्वतःहून अर्ज करतात कारण त्या शाळा खरंच चांगल्या आहेत. माझी दोन्ही मुलं अशाच शाळेत गेली आणि आमच्या घरी वाढदिवसाला येणारी मुलं सगळ्या रंगांची होती.

पण त्यातही खाच होती. कृष्णवर्णीय-लॅटिनो मुलांचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या आत ठेवायचं म्हणून काही शाळांत गोऱ्या-आशियाई मुलांच्या जागा रिकाम्या राहायच्या आणि हार्टफर्डची मुलं प्रतीक्षायादीत. तिथल्या कृष्णवर्णीय पालकांनीच त्यावर खटला केला. आता लॉटरी वंश बघत नाही, आर्थिक-सामाजिक परिस्थिती बघते. एकत्र आणण्याच्या नावाखाली ज्याच्यासाठी हे करायचं त्याचंच मूल बाहेर ठेवलं, तर ते चुकलंच.

---

ओंकार_एनवाय

तसंही सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या सिएटल निकालानंतर सार्वजनिक शाळांना एकेका मुलाचा वंश बघून प्रवेश देता येत नाही. ५ विरुद्ध ४ निकाल होता. त्यामुळे उत्पन्न, भाषा, वस्ती हेच मार्ग उरतात. मृण्मयी, वरची तुझी उत्तरं वाचून प्राधान्यक्रमाचा मुद्दा मला पटतोय. पण न्यूयॉर्कमध्ये प्री-केला हे कुणी करून दाखवलंय का?

---

रोहिणी_लोअर_ईस्ट_साइड

हो, आमच्या डिस्ट्रिक्ट १ मध्ये. इथे प्राथमिक शाळांना झोन नाहीतच, सगळी निवड. आणि तरीही पाच-सात मिनिटांच्या अंतरावरच्या दोन शाळांत एकीकडे बहुतांश गोरी, सुखवस्तू मुलं आणि दुसरीकडे जवळपास सगळी गरीब लॅटिनो-कृष्णवर्णीय, असं वर्षानुवर्षं होतं. नुसत्या निवडीने काय होतं त्याचं हे उत्तम उदाहरण आहे. पालकांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि २०१८ च्या प्रवेशांपासून प्री-के आणि किंडरगार्टनला नवा नियम आला: ६७ टक्के जागांवर कमी उत्पन्नाच्या, घर नसलेल्या किंवा इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना प्राधान्य, उरलेल्या ३३ टक्क्यांवर इतरांना. प्रत्येक शाळेत. त्यासोबत कुटुंबांसाठी माहिती केंद्रही उघडलं, कारण फॉर्म कसा भरायचा हे ज्याला कळत नाही त्याच्या दृष्टीने निवड अस्तित्वातच नसते. सगळं एका वर्षात बदललं नाही, पण आमच्या मजल्यावरची आणि समोरच्या सरकारी वसाहतीतली मुलं आता एका शाळेच्या फाटकात भेटतात.

जाता जाता: इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना प्राधान्य म्हणजे त्यात घरी फक्त मराठी बोलणारी मुलंही येऊ शकतात.

---

निशिगंध_पुणे

वाचतोय इकडून. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचंही हेच झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला की सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला त्या जागा द्यायची गरज नाही. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. 'जवळच शाळा आहे की' हे कारण तिकडे १९६४ मध्ये दिलं गेलं होतं हे वाचून चरकलो.

---

श्रद्धा_अस्टोरिया

माझा मुलगा यंदा अर्जात आहे. तीन ब्लॉकवरच्या ज्या केंद्राचं कुणी नाव घेत नाही, तसंच एक आमच्याही जवळ आहे. उद्या बघायला जाणार आहे. पण यादीत बदल करण्यापलीकडे काय करता येईल? एकट्या माझ्या अर्जाने काय होणार?

---

मृण्मयी_क्वीन्स

जरूर जा श्रद्धा, आणि जाऊन काय दिसलं ते इथे लिही, म्हणजे पुढच्या आईला ऐकीव माहितीवर राहावं लागणार नाही.

यादीपलीकडचं म्हणशील तर प्रत्येक शालेय डिस्ट्रिक्टला कम्युनिटी एज्युकेशन कौन्सिल असते. झोनच्या रेषा बदलायला तिची मंजुरी लागते. सभा खुल्या असतात, पालकांना बोलता येतं, आणि तिच्या निवडणुकीत मत द्यायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. सार्वजनिक शाळेत मूल असलेले एच-१बी वाले आई-बाबाही मत देऊ शकतात. आपल्यातल्या फार थोड्यांना हे माहीत आहे. आमच्या कौन्सिलपुढे मी तीन मागण्या ठेवणार आहे: केंद्रांत फी भरून आधी आलेल्या मुलांचं प्राधान्य काढावं, दहा तासांच्या आणि नियमित वेळेच्या मुलांना दिवसा एकाच वर्गात बसवावं (हिशेब कचेरीत वेगळे ठेवावेत), आणि डिस्ट्रिक्ट १ सारखा नियम क्वीन्समध्येही आणावा. सुलभाताई, पगाराचा मुद्दा तुम्ही बोलाल का? तुमच्या तोंडून तो जास्त पोचेल.

---

सुलभा_ताई

येते. तारीख आणि पत्ता व्यनि (खासगी निरोप) कर. माझ्याबरोबर काम केलेल्या दोघी येतील, एक बांगलादेशची आणि एक डॉमिनिकन. तिला स्पॅनिशमध्ये बोलायचं आहे, दुभाषा मिळतो का तेवढं आधी विचारून ठेव.

---

ओंकार_एनवाय

मलाही तारीख पाठव. प्राधान्यक्रम बदलले तर जागा कशा हलतील हे लोकांना समजेल असं दाखवायचा एक तक्ता करून देतो. इंग्रजी, स्पॅनिश आणि बंगालीत लागेल ना?